रापणीचा वाटा

निवतीच्या पुळणीवर अजून हा नियम आहे:
ज्येच्या हाताक दोर लागलो, त्येका वाटो.
शाळा बुडवून आलेलं पोर असो
की परुळ्याच्या देवळाला निघालेला पाव्हणा,
तळवा ओला झाला की चार बांगडे त्याचे.
मी सोसायटीची सेक्रेटरी. वाटे मोजते.
चुकले तर शिव्या मलाच.

तीन वर्षांपूर्वी एक दोर आला, तो दिसत नव्हता.
परदेशी कंपनीची दोन पोरं, पुण्याहून,
हातात माईक, बुटांना वाळूही नाही.
शेवंता कोचरेकरणीला त्यांनी खुर्चीत बसवलं
आणि ती सहा दुपारी बोलत राहिली.
पेडव्याचा थवा वळताना पाणी कसं काळं पडतं,
कर्लीचे काटे कुणी कुणाला शिकवले,
आणि हे: "दर्याक बाळंतिणीचो वास येता,
तेवा जाळा घालूचा नाय."
तासाला एकशेवीस रुपये. सही घेतली.
"बोलण्याचे पैशे!" ती म्हणाली. "येडे मेले."

मग ते आलं. बर्फ फॅक्टरीच्या माडीवर,
गौरेश मेतरच्या बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपात.
मालवणीत विचारा, मालवणीत सांगेल.
डिझेल परताव्याचा अर्ज, बावीस रकाने,
चहा निवायच्या आत भरून द्यायचं.
इंजिनाचं खोकणं ऐकून एकदा त्यानं झडप सांगितली,
आणि खरंच झडपच होती.
एका संध्याकाळी शेवंताबायलाच म्हणालं,
दर्याक बाळंतिणीचो वास येता, तेवा...
ती बराच वेळ काही बोलली नाही.
त्यानंतर त्याला "आमचो झील" म्हणू लागली.

दसऱ्याच्या आठवड्यात पडद्यावर एक ओळ:
नवी आवृत्ती आपल्या प्रदेशासाठी नाही.
जुनी महिनाअखेर बंद.
गौरेशनं बातमी वाचली. कुठल्याशा राजधानीत
याद्या झाल्यात. पहिलीत त्यांचे मित्र,
तिसरीत वैरी. आपण मधल्या.
"मधली म्हणजे?"
"म्हणजे अर्ज करूचो, काकी."
किती रकान्यांचा, ते मी विचारलं नाही.

बंदीच नको, असं कोणत्या तोंडानं म्हणू?
पर्ससीन थांबवा म्हणून ओरोसला
कलेक्टर कचेरीपुढे तीन दिवस मीच बसले होते.
एलईडीच्या उजेडात आंधळी झालेली पिल्लं
बोटींनी खरवडून नेलेली पाहिलीत मी.
काही जाळी कुणाच्याच हाती नसावीत,
हे मला राजधानीनं शिकवायला नको.

पण जूनची बंदी लागते तेव्हा
मागणाऱ्याची होडीसुद्धा झापांखाली जाते.
ही कसली, जिच्यात घालणाऱ्याची
शिडं सोडून मधोमध उभी,
आणि माझी तेवढी वर ओढलेली?
माझ्या भावाचा आंबा एकदा त्यांच्या दारातून परतला,
फळमाशी म्हणाले. तेव्हा आत जायला मनाई,
आता बाहेर यायला.
खाल्ला मग आम्हीच, शेजाऱ्यांना वाटून, वैताग येईपर्यंत.

काल रात्री गौरेशनं अर्ज उघडला.
शेवंताबाय जिना चढून आली, गुडघे धरून.
अंतिम वापर काय? कोण वापरणार?
"माझा नाव घाल," ती म्हणाली.
खाली एक रकाना: या तंत्रज्ञानाशी आपला पूर्वसंबंध.
मी म्हटलं, लिही. दोराक हात लागलो होतो.
त्यानं लिहिलं.
रकान्याला आमची अक्षरं कळत नव्हती;
उमटले नुसते चौकोन, रिकामे,
एकाला एक लागून, जाळ्याच्या आसांसारखे.

शेवंताबायनं चष्मा वर केला,
पडद्यावर बोट ठेवून अंतर मापलं,
आणि विचारलं,
"ह्येच्यातसून केवढो मासो सुटतलो?"